दोन दप्तरे

मुंबईत डोंगरीजवळ उमरखाडी नावाच्या भागात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला एक तुरुंग आहे, आणि मराठी वाचकाला त्याचा परिचय आहे तो एका लहानशा पुस्तकामुळे. कोल्हापूरच्या दिवाणांच्या बेअब्रूच्या खटल्यात चार महिन्यांची शिक्षा होऊन टिळक आणि आगरकर हे पंचविशी नुकतीच ओलांडलेले दोन संपादक १८८२ साली या तुरुंगात गेले, शिक्षेत थोडी सूट मिळून एकशे एक दिवसांनी बाहेर पडले, आणि बाहेर पडताच आगरकरांनी त्या दिवसांची हकीकत लिहून छापली. पुढे तुरुंग म्हणून त्या वास्तूचा उपयोग संपला व विसाव्या शतकात तेथे मुलांचे गृह आले. १९२७ साली स्थापन झालेली चिल्ड्रन्स एड सोसायटी ते चालवीत आली आहे, आणि कायद्याने त्याला कितीही नावे दिली असली तरी मुंबईच्या तोंडी ते अद्याप ‘डोंगरीचे रिमांड होम’च आहे. आगरकरांनी त्या भिंतींविषयी लिहिले. त्यांच्यामागून त्याच भिंतींआड राहून गेलेल्या असंख्य मुलांविषयी मात्र भिंतींच्या कारभाऱ्यांनी लिहिले, आणि त्यांनी काय लिहिले हे त्या मुलांपैकी बहुतेकांनी कधी वाचले नसावे.

दप्तर हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला तो कागदपत्रांच्या गठ्ठ्यासाठी, राजाच्या वहिवाटीच्या नोंदींसाठी. ‘पेशवे दप्तर’ म्हणताना आपण तो त्याच अर्थाने वापरतो. मराठीने पुढे तोच शब्द शाळेत जाणाऱ्या पोराच्या पाठीवर चढविला, आणि त्यामुळे आपल्या भाषेत एक चमत्कारिक योग जुळून आला आहे. शहराच्या गरीब वस्तीत वाढणाऱ्या मुलाला दोन दप्तरे असतात. एक त्याच्या पाठीला असते आणि दुसरे संस्थेच्या कपाटात. पहिल्यात काय आहे हे कोणीही मोठे माणूस केव्हाही उघडून पाहू शकते. दुसऱ्याची किल्ली मोठ्यांपाशी असते. मुलांची व तरुणांची काळजी वाहण्याच्या धंद्यात सत्ता म्हणून जी काही वस्तू आहे ती छडीत नसून या दुसऱ्या दप्तरात आहे, असे माझे मत झाले आहे, आणि ते कसे झाले हे सांगण्यासाठी थोडे मागे जाणे भाग आहे.

इंग्लंडात ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथील सुखवस्तू घरांतील तरुणांनी लंडनच्या पूर्वेकडील दरिद्री वस्तीत जाऊन राहावे, तेथील लोकांचे शेजारी व्हावे, आणि विद्येचा व संस्कृतीचा जो ठेवा आपल्याला आयता मिळाला त्यात त्यांना वाटेकरी करून घ्यावे, या कल्पनेतून सॅम्युअल बार्नेट या धर्मोपदेशकाने व त्याच्या पत्नीने, हेन्रिएटा बार्नेट हिने, १८८४ साली व्हाइटचॅपेल भागात टॉयन्बी हॉल उघडला. तेथे येऊन गेलेल्या जेन अ‍ॅडम्स या अमेरिकन बाईंनी आपली मैत्रीण एलन गेट्स स्टार हिच्यासह १८८९ साली शिकागोच्या हॉल्स्टेड रस्त्यावर हल हाउस स्थापिले. इटालियन, बोहेमियन, पोलिश, रशियन ज्यू अशा नाना देशांतून आलेल्या मजुरांच्या दाट वस्तीत ते होते, आणि बालवाडी हा त्याच्या अगदी पहिल्या उपक्रमांपैकी एक होता. ही साखळी आपल्या दारापर्यंत येते ती शिकागो विद्यापीठाचे डॉक्टर क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्यामुळे. अमेरिकन मराठी मिशनच्या वतीने त्यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात भायखळ्याजवळ नागपाडा नेबरहुड हाउस सुरू केले, आणि १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्य शिकविणारी देशातील पहिली शाळा निघाली तिचे संचालकपद त्यांच्याकडेच येऊन तिचे पहिले वर्गही त्याच नागपाड्याच्या घरात भरले. आजची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस ती हीच. नागपाड्याची पोरे बास्केटबॉलमध्ये नाव काढतात याचे बीजही अमेरिकन मिशनऱ्यांच्या त्या वर्दळीत आहे. उपकारांच्या हिशेबात हा चेंडू मी नेहमी वरच्या रकान्यात धरतो, कारण खेळात मूल कोणाचा ‘लाभार्थी’ नसते.

या सर्व मंडळींच्या सद्भावाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्या सद्भावातच कोठे तरी एक काटा रुतून आहे, हे सर्वांत आधी आणि सर्वांत प्रांजळपणे ओळखले ते जेन अ‍ॅडम्स यांनीच. १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डेमॉक्रसी अँड सोशल एथिक्स’ या त्यांच्या ग्रंथातील धर्मादायाविषयीच्या प्रकरणात गरिबांच्या घरी भेटी देणाऱ्या सुशिक्षित स्वयंसेविकेची जी अडचण त्यांनी वर्णिली आहे, ती सव्वाशे वर्षांनंतरही जशीच्या तशी ताजी आहे. ही तरुणी ज्या धुणेवाल्या बाईच्या घरी जाऊन उद्योग, काटकसर आणि नियमितपणा यांचा उपदेश करते, ती बाई स्वतःच्या हातांनी स्वतःचे पोट भरीत असते. उपदेश करणारीला मात्र आयुष्यात एकदाही तसे करावे लागलेले नसते, आणि ज्या घडीला ती उंबरठा ओलांडून आत येते त्या घडीला ही गोष्ट दोघींनाही कळलेली असते. अ‍ॅडम्स यांचे दुसरे निरीक्षण याहून मार्मिक आहे. गरीब शेजारीण गरीब शेजारणीला मदत करते तेव्हा ती आधी चौकशी करीत नाही. कोणाचा नवरा दारू पितो, कोणाच्या घरी कशावर किती खर्च होतो, हे ठाऊक असूनही ती वाटीभर पीठ देते. संस्थेकडून येणारी बाई मात्र पीठ देण्यापूर्वी माहिती घेते, आणि ज्याला पीठ हवे आहे त्याच्या दृष्टीने ही चौकशीच सर्वांत मोठी निर्दयता असते. हे वाचताना आपल्याकडच्या कुठल्याही चाळीतली उसनवारी डोळ्यांपुढे येते.

चौकशीची ही सवय लवकरच कायद्यात शिरली. १८९९ साली इलिनॉय राज्याच्या कायद्याने शिकागोत मुलांचे पहिले स्वतंत्र न्यायालय निघाले, आणि त्यामागे हल हाउसच्याच स्त्रियांची खटपट होती. न्यायालयाच्या पहिल्या परिविक्षा अधिकारी अल्झिना स्टीव्हन्स या त्याच घरात राहणाऱ्या होत्या. कल्पना अत्यंत उदात्त होती. मुलाला गुन्हेगार समजू नये, त्याच्यावर खटला चालवू नये, न्यायाधीशाने बापाच्या मायेने त्याला जवळ घेऊन त्याच्या हिताचे काय ते ठरवावे, अशी ती योजना होती. आता बापापुढे वकील कशाला हवा? बापाने पोराला काय केले म्हणून बोलावले याची लेखी नोटीस कोणत्या घरात देतात? म्हणून वकील, नोटीस, साक्षीदारांची उलटतपासणी, जबानीची लेखी नोंद या सगळ्या गोष्टी अनावश्यक ठरल्या, आणि जो अंकुश राजालासुद्धा लावला जातो तो या मायाळू बापाला मात्र लावण्याचे कोणाच्या मनात आले नाही.

त्याचे फळ पिकायला पासष्ट वर्षे लागली. १९६४ सालच्या जून महिन्यात अ‍ॅरिझोना राज्यातील ग्लोब या गावी जेराल्ड गॉल्ट नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाला, शेजारणीला दूरध्वनीवर अश्लील बोलल्याच्या तक्रारीवरून, आईबाप कामावर गेलेले असताना पोलिसांनी उचलून नेले व मागे एक चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही. सुनावणीला तक्रार करणारी बाई एकदाही आली नाही, काय बोलणे झाले याची नोंद ठेवली गेली नाही, वकील नव्हता, आणि न्यायाधीशाने त्या मुलाला एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत, म्हणजे सहा वर्षांपर्यंत, राज्याच्या औद्योगिक शाळेत धाडण्याचा हुकूम केला. हेच कृत्य प्रौढ माणसाने केले असते तर त्याला पाच ते पन्नास डॉलर दंड किंवा फार तर दोन महिने कैद झाली असती. १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा हुकूम फिरवून मुलालाही नोटीस, वकील, साक्षीदारांना समोरासमोर विचारण्याचा आणि स्वतःविरुद्ध न बोलण्याचा अधिकार आहे असे ठरविले. क्रौर्याने दोन महिने दिले असते तेथे करुणेने सहा वर्षे दिली. या हिशेबाकडे आपल्याकडच्या समाजकार्याच्या अभ्यासक्रमांत अधिक वेळ थांबले पाहिजे.

मुंबई इलाख्याचा मुलांविषयीचा कायदा १९२४ सालचा. मद्रासने तो १९२० साली व बंगालने १९२२ साली केला होता. त्यापूर्वीही १८५० चा उमेदवारीचा (अ‍ॅप्रेंटिसशिपचा) कायदा आणि १८५७ साली निघालेली डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा होतीच. या नव्या कायद्यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी होती ती अशी की गुन्हा केलेले मूल आणि केवळ उघड्यावर पडलेले मूल, भीक मागणारे, घर नसलेले, ज्याचा पालक नालायक ठरविला गेला ते, या दोघांनाही नेणारी गाडी एकच होती व ती पोचे ते फाटकही पुष्कळदा एकच. रस्त्यावर असणे हीच ज्याची चूक, त्याला त्या चुकीतून ‘सोडविणे’ म्हणजे काय, हे त्या मुलाला कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. ‘सुटका’ हा शब्द आजही आपण दोन्हीकडे वापरतो: मुलाला रस्त्यावरून उचलले की सुटका, आणि गृहातून बाहेर सोडले की सुटका!

आजचा २०१५ चा बाल न्याय अधिनियम या बाबतीत पुष्कळच शहाणा आहे, हे मान्य केले पाहिजे. मुलाचे म्हणणे ऐकले जावे, संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा, त्याच्याविषयी दूषण देणारे शब्द वापरू नयेत, त्याचे नाव किंवा चेहरा वृत्तपत्रांत येऊ नये, आणि जुन्या नोंदी पुसून त्याला नव्याने आरंभ करण्याची मुभा असावी, ही तत्त्वे त्यात शब्दशः आहेत. नोंदी पुसण्याचे तत्त्व ज्या कायद्याला लिहावे लागते त्याने दप्तराचे सामर्थ्य ओळखले आहे. पण त्याच कायद्याने बाल कल्याण समितीच्या पाच जणांना दंडाधिकाऱ्याचे अधिकार दिले आहेत, आणि समितीपुढे मुलाचा निकाल मुख्यतः ज्या कागदावर लागतो तो सामाजिक तपासणीचा अहवाल, पंधरा दिवसांच्या मुदतीत, एखादा कार्यकर्ता किंवा कार्यकर्ती वस्तीत जाऊन लिहिते. घराचे क्षेत्रफळ, कमावणारी माणसे, बापाची व्यसने, आईचा स्वभाव, शेजाऱ्यांचे मत. दहा बाय बाराच्या खोलीत पाऊल टाकून चहा नको म्हणत जी बाई हे सर्व टिपून घेते, तिच्या घरी अशी टिपणे घेण्यास कोणी कधी येणार नाही. विशेषाधिकार म्हणतात तो हाच. तो तिने मागितलेला नसतो, पुष्कळदा तिला तो असल्याची जाणीवही नसते, आणि म्हणूनच खोलीतल्या माणसांना तो इतका स्पष्ट दिसतो.

मी स्वतः या बाबतीत अगदी निर्दोष नाही. काही वर्षे शनिवारच्या दुपारी मी गोवंडीच्या बाजूच्या एका वस्तीतील अभ्यासिकेत शिकवावयास जात असे. १९२७ पासून मुंबईचा कचरा पोटात घेणारी देवनारची टेकडी तेथून दिसते, आणि १९५४ साली देवनारला आलेले टाटा इन्स्टिट्यूटचे वृक्षाच्छादित आवारही त्याच प्रभागात आहे. समाजकार्याची विद्या आणि तिचा विषय इतके जवळ क्वचितच कोठे नांदत असतील. अभ्यासिकेची किल्ली माझ्यापाशी असे. मला गाडीने उशीर झाला तर वीस मुले उन्हात दाराशी बसून राहत आणि मी आलो की हसून उठत. एखाद्या मुलाला उशीर झाला तर मी हजेरीवहीत रेघ ओढीत असे. एका बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या नावापुढे अशा बऱ्याच रेघा जमल्या आणि तिमाही अहवालात मी त्याच्याविषयी लिहिले: ‘अनियमित; घरून प्रोत्साहन नाही.’ वही उघडी राहिली होती. पोराने ती वाचली व वर्गासमोर नव्हे, सगळे गेल्यावर, मला विचारले, “सर, पाणी तीनला येतं. आई कामावर असते. पाणी भरायचं कोणी, ते पण लिहा ना.”

‘घरून प्रोत्साहन नाही’ हे वाक्य खोटे नव्हते असे मी बरेच दिवस स्वतःला सांगितले. आता मला वाटते की ते खोटे होते, कारण नळाची वेळ मला माहीत नव्हती आणि ती माहीत करून घेणे हा मी माझ्या कामाचा भाग मानला नव्हता. सहा वाजता मी हार्बरच्या गाडीत बसून घरी जाई, तेथे पाणी चोवीस तास असे. जो हवा तेव्हा निघून जाऊ शकतो त्याने, ज्याला निघून जाता येत नाही त्याच्याविषयी लिहिलेल्या मजकुरावर मी तेव्हापासून जरा हात राखूनच विश्वास ठेवतो.

त्या वस्तीत मला ‘सर’ म्हणत; माझ्या तरुण सहकारिणींना ‘ताई’ किंवा ‘दीदी’. या नात्याच्या संबोधनांविषयी आपल्याकडे मोठा अभिमान बाळगला जातो, आणि विलायती ‘केसवर्कर’पेक्षा आपली ताई बरी हे मलाही पटते; परंतु ताई म्हटल्याने सत्ता नाहीशी होत नाही, ती फक्त साडीचा पदर डोक्यावर घेते. घरच्या ताईशी भांडता येते. तिची वेणी ओढता येते, तिची चुगली आईकडे करता येते, आणि ताईचे लग्न झाले तरी दिवाळीला ती परत येते. संस्थेतल्या ताईची चुगली करायची कोणाकडे? समाजकार्याच्या कोणत्याही महाविद्यालयाची विद्यार्थिनी क्षेत्रकार्यासाठी जूनजुलैत वस्तीत येते आणि परीक्षेच्या सुमारास जाते. पुढल्या वर्षी नवी ताई. दहा वर्षांच्या मुलाने अशा चार ताया पाहिलेल्या असतात व प्रत्येकीने त्याच्याकडून त्याच्या बापाची तीच हकीकत काढून घेतलेली असते. मग तो ती हकीकत पाठ करतो. पाहुणे आले, फोटो निघू लागले, कोणी गुडघ्यावर बसून “बेटा, बड़े होके क्या बनना है?” असे विचारले की डॉक्टर, पोलीस, शिक्षक ही उत्तरे रांगेने निघतात, कारण कोणत्या उत्तरावर पाहुण्यांचे डोळे पाणावतात हे त्याला ठाऊक असते. यास खोटेपणा म्हणू नये. दुबळ्याच्या हाती असलेले हे एक हत्यार आहे, आणि गरीब वस्तीतली मुले ते फार कौशल्याने चालवितात. वस्तीतली जरा मोठी पोरे आणखी एक प्रश्न विचारतात तो पाहुण्यांना अवघड जातो: “ताई, तुमचं आडनाव काय?” महाराष्ट्रात या प्रश्नाचा अर्थ सांगत बसण्याची गरज नाही.

यावर एक उपाय असा सुचविला जातो की बाहेरचा माणूस आणूच नये. वस्तीतल्याच माणसाला कार्यकर्ता करावे. हा उपाय शिकागोतच आधी करून पाहिला गेला. क्लिफर्ड शॉ या समाजशास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या दशकात शिकागो एरिया प्रोजेक्ट नावाचे जे काम उभारले त्यात वस्तीतील रहिवाशांच्या समित्या होत्या, आणि मुलांबरोबर कोपऱ्याकोपऱ्यावर उभे राहून बोलणारे कार्यकर्ते त्याच गल्लीत वाढलेले, काही तर तुरुंग पाहून आलेले असत. शॉचा आग्रह असा की पोरे बिघडतात ती रक्ताने नव्हे, वस्तीच्या स्थितीने, तेव्हा वस्तीनेच ती सावरली पाहिजेत. शॉच्या हाताखाली काम केलेला सॉल अलिन्स्की यापुढे गेला व कत्तलखान्यांच्या वस्तीत त्याने १९३९ साली लोकांची संघटनाच उभी केली.

आपल्याकडेही ‘समुदायातील कार्यकर्ती’ ही आता सर्वत्र आहे. तिला गल्ली माहीत, नळाची वेळ माहीत, कोणाच्या घरी आज भांडण झाले हे माहीत. संस्थेचे सारे ज्ञान तिच्या पायांवर चालते. परंतु अहवाल इंग्रजीत जातो आणि त्याच्या खाली सही दुसऱ्याची असते. तिला मिळते ते मानधन. मानधन! मराठीतील हा एक अत्यंत धूर्त शब्द आहे. ज्याला पगार द्यायचा नसतो त्याला आपण मान देतो व वर थोडे धन ठेवतो. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास योजनेतील अंगणवाडी सेविका पाच दशके देशातील लहान मुलांचा भार वाहून या शब्दाखाली दबलेल्या आहेत. त्यांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क आहे हे ठरायला सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ सालचा निकाल यावा लागला. उलट बाजूने, ज्याच्या हाती वस्तीतलाच असूनही दप्तर येते तोही चार वर्षांत गल्लीतल्या पोरांना ‘केस’ म्हणू लागतो, हेही मी पाहिले आहे. तेव्हा माणूस बदलला म्हणजे काम भागले, असे नाही.

खरा प्रश्न कारभार कोणाच्या हाती, आणि नाव कोणी ठेवायचे, हा आहे. आणि त्याची चर्चा महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी, शिकागोचे नाव न घेता, होऊन गेली आहे. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले, अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा व वसतिगृहे चालविली, भगिनी जनाबाईंनाही त्या कामात ओढले, आणि स्वजातीयांची निंदा आयुष्यभर सोसली. त्यांच्या त्यागाविषयी बोलण्याचा अधिकार फार थोड्यांना आहे. पण संस्थेचे मराठी नाव होते ‘निराश्रित साहाय्यकारी मंडळी’. पुढे संस्थेचा कारभार आपल्याच हाती असावा अशी मागणी त्या समाजातून उठली, आणि १९२३ साली शिंदे तिच्या कार्यकारी मंडळातून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी जी सभा स्थापिली तिचे नाव ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’. ही दोन नावे शेजारी ठेवून पाहावीत. ज्याला आश्रय नाही तो निराश्रित. त्याला आश्रय देणारा कोणी तरी दयाळू हवा, एवढेच ते नाव सांगते. बहिष्कृत म्हटले की ज्याने बाहेर घातले तोही लगेच वाक्यात येऊन उभा राहतो. तोच प्रश्न १९३२ साली हरिजन सेवक संघाच्या वेळी पुन्हा आला. या कामाला प्रामुख्याने अस्पृश्यांतूनच कार्यकर्ते घ्यावेत आणि एकेका माणसाला सुधारण्यापेक्षा नागरी हक्कांसाठी झगडावे, असे आंबेडकरांनी संघाच्या ठक्करबाप्पांना बोटीवरून पत्र पाठवून कळविले. गांधीजींच्या बाजूचे म्हणणे असे की हे प्रायश्चित्त आहे, ऋण स्पृश्यांचे आहे, ते फेडण्याचा कारभार ऋणकोनेच पाहिला पाहिजे. युक्तिवाद सुंदर आहे. पण ज्याच्या घरावर प्रायश्चित्त घ्यायचे त्याची संमती त्यात कोठे विचारली आहे, हे मला अद्याप सापडलेले नाही. वस्तीतल्या मुलांच्या नावाने आज जो निधी वाहतो, २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातील दोन टक्के खर्चण्यास सांगितल्यापासून तो बराच वाहतो, त्याच्या कागदांत मुलांना ‘लाभार्थी’ म्हणतात. निराश्रिताहून हे नाव बरे की वाईट, वाचकांनीच ठरवावे.

मुलाने स्वतः लिहावे, हा मार्गही आहे. वर ज्याचा उल्लेख केला त्या शॉने १९३० साली ‘द जॅक-रोलर’ या नावाने एका वाट चुकलेल्या मुलाची आत्मकथा प्रसिद्ध केली. पुस्तकात मुलाचे नाव स्टॅन्ली असे बदलून दिले आहे. दारू पिऊन पडलेल्यांचे खिसे कापणे हा त्याचा उद्योग होता. मजकूर त्याचा, पण टीपा, प्रस्तावना आणि मुखपृष्ठावरचे नाव शॉचे. तरीही समाजशास्त्रात तेव्हा ती क्रांतीच होती. तो मुलगा पुढे म्हातारा झाला, आणि १९८२ साली ‘द जॅक-रोलर अ‍ॅट सेव्हन्टी’ या नावाने त्याचे सत्तरीतले म्हणणे दुसऱ्या एका पुस्तकात आले. आपल्याविषयीच्या दप्तरात भर घालण्याची दुसरी संधी मिळण्यासाठी त्याला अर्धशतक जगावे लागले.

मुलाच्या हाती किल्ली राहते अशी एक जागा मात्र आहे. १९९६ साली मुंबईत, टाटा इन्स्टिट्यूटमध्येच, जेरू बिलिमोरिया यांनी संकटातील मुलांसाठी १०९८ हा विनामूल्य दूरध्वनी सुरू केला. रस्त्यावरच्या मुलांना तो तोंडपाठ राहिला तो दस-नौ-आठ असा, उतरत्या आकड्यांत. २०२३ पासून तो सरकारच्या ११२ या आपत्कालीन सेवेशी जोडून चालविला जाऊ लागला आहे. या सेवेच्या नोंदवह्यांत एक वेगळा रकाना आहे, मूक दूरध्वनींचा. घंटा वाजते, कार्यकर्ता बोलतो, पलीकडे कोणी तरी असते, श्वास ऐकू येतो किंवा रस्त्याचा आवाज, आणि काही वेळाने फोन ठेवला जातो. पलीकडचा माणूस कसा बोलतो, रागावतो की थांबतो, हे मूल अजमावीत असते. कार्यकर्त्यांना शिकविलेले असते ते एवढेच की अशा वेळी आपण आधी फोन ठेवायचा नाही. त्या नोंदीपुढे नाव, वय, जात, बापाची व्यसने यांपैकी काहीही लिहिता येत नाही, आणि पुन्हा केव्हा फोन करायचा हे मूलच ठरविते.